ठोकळ्यांचं न मोडलेलं गाव

माळशिंगी नावाच्या गावात एक मास्तर राहत होता. नाव त्र्यंबक. मुलं पाठीमागे त्याला चिंच मास्तर म्हणायची, कारण तोंड बारा महिने आंबलेलं. माणूस वाईट नव्हता. जीभ वाईट होती. शिवी लावल्याशिवाय त्याला कुणाचं नाव घेता यायचं नाही. आणि बोलून झालं की तो विसरून जायचा. बोलणारे विसरतातच. ज्यांना बोललं जातं ते विसरत नाहीत.

गावाबाहेर कौलारू खोली, ती शाळा. एकवीस मुलं. मास्तरची मुलगी द्वारकी त्यांतच, सात वर्षांची. शिकवायचं म्हणजे घोकायचं, अशी तेव्हाची रीत. पाढे घोका, नद्या घोका, राजांची नावं घोका. सकाळी घोकलेलं दुपारी भाकरीबरोबर पचून जायचं.

एकदा मास्तरने विचारलं, "अर्धा म्हणजे काय रे, बाळ्या?"

बाळ्या म्हणाला, "अर्धा म्हणजे धाकट्या भावाला देतात तो, मास्तर."

सगळी हसली. मास्तर भडकला. पण घरी जाताना त्याच्या डोक्यात आलं, की पोरगं चुकलं कुठे? त्याने अर्धा डोळ्यांनी पाहिला होता आणि हाताने तोडला होता. मास्तरने फक्त तोंडाने सांगितला होता. जे हाताला कळतं ते पुसलं जात नाही.

तो तडक कोंडीबा सुताराकडे गेला. कोंडीबाने पंचक्रोशीतली घरं उभी केली होती. त्याच्या अंगणात सागाच्या उरलेल्या तुकड्यांचा ढीग पडलेला असायचा.

मास्तर म्हणाला, "याचे ठोकळे करून दे. वर खुंट्या, खाली भोकं. एकावर एक बसले पाहिजेत, आणि ओढले की निघाले पाहिजेत."

कोंडीबा म्हणाला, "देतो की. पण ही घरांची लाकडं आहेत, मास्तर. कुणाच्या दाराची चौकट, कुणाचं आढं, कुणाचा उंबरा. घराच्या लाकडाला घराची सवय असते. म्हणून एक पाळा. दिवसभर काय वाटेल ते रचा. पण दिवेलागणीच्या आत मोडून टोपलीत टाका."

"आणि नाही टाकलं तर?"

"चार भिंती, वर छप्पर, आणि रात्र काढली. झाली की वास्तू! वास्तू झाली की वास्तुपुरुष आला. तो दिवसातून एकदा तथास्तु म्हणतो. केव्हा म्हणतो ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून तर घरात वाईट बोलू नये, म्हणतात. माणसांच्या घरात वास्तुशांत करतात, होमहवन करतात, तो निवतो. तुमच्या ठोकळ्यांच्या घरात त्याला कोण निववणार?"

मास्तर हसला. "वेड्या, वीतभर लाकडात पुरुष मावेल कसा?"

"काटा केवढा असतो, मास्तर?" कोंडीबा म्हणाला. "तरी माणूस लंगडतोच."

ठोकळे आले. लाल, पिवळे, हिरवे, लाखेने रंगवलेले, दोन टोपल्या भरून. आणि शाळेचं रूप पालटलं.

आठ ठोकळ्यांची भिंत रचली, चार काढले, अर्धा कळला. आणखी दोन काढले, पाव कळला. नदीला निळा धडपा अंथरला, डोंगराला ठोकळ्यांच्या पायऱ्या केल्या, गावं कुठे वसतात आणि का वसतात ते कळलं. गाण्याच्या तासाला प्रत्येक मात्रेला एक ठोकळा, समेवर लाल. मुलं ठोकळ्यांना बोट लावत ताल धरायची. व्याकरणाला तर मजाच. प्रत्येक शब्दाला एक ठोकळा, आणि प्रत्ययांना बारके ठोकळे. 'राजाने वाघाला मारले' असं मास्तरने रचून ठेवलं होतं. द्वारकीने हळूच 'ने' काढला आणि वाघाला लावला, 'ला' काढला आणि राजाला लावला.

"बाबा, एवढ्याशा ठोकळ्याने राजा मेला!"

त्या दिवशी मास्तरही हसला. विभक्ती एकवीसच्या एकवीस पोरांना एका दुपारी आली.

संध्याकाळ झाली की मुलंच मोडायची. मोडण्यात त्यांना रचण्याहून आनंद. धडाधड ठोकळे टोपलीत, आणि पोरं घरी. दुसऱ्या दिवशी कोरी जमीन, नवा खेळ. काल चुकलेलं आज कुणाला आठवत नसे, पण काल कळलेलं आठवत असे. असं वर्षभर चाललं. या मास्तराचं नाव दूरवर गेलं.

इतकं दूर गेलं की राजाने ऐकलं.

राजाचा सांडणीस्वार आला. निरोप असा, की महाराज आठ दिवसांनी येतील. ठोकळ्यांची विद्या डोळ्यांनी पाहतील. पसंत पडली तर राज्यातल्या सगळ्या शाळांवर त्र्यंबक मास्तरला मुख्य नेमतील.

मास्तरचे पाय जमिनीला लागेनात. त्याने मुलांना जमवलं. "आपलं गाव रचा. गावापुढे रस्ता, रस्त्याच्या टोकाला राजधानी. ज्याने त्याने आपापलं घर करायचं."

मुलं लागली कामाला. द्वारकी म्हणाली, "आपलं घर काय, दोन ठोकळ्यांत होतं. मी राजाचा वाडा करते." आणि तिने तो केला. सात मजली, सज्जे, महादरवाजा, वर लाल कळस. दिवस कलला तेव्हा शाळेच्या जमिनीवर अख्खं गाव उभं होतं. इतकं हुबेहूब की मास्तर बघत राहिला. मुलं नेहमीसारखी मोडायला धावली.

"थांबा!" मास्तर म्हणाला. "हे मोडायचं नाही. महाराज येईपर्यंत असंच राहील."

"पण बाबा, कोंडीबा…"

"कोंडीबा सुतार आहे. मी मास्तर आहे."

दिवेलागण झाली. घराघरांत दिवे लागले. शाळेला कुलूप लागलं, आणि आत ठोकळ्यांचं गाव पहिल्यांदा रात्र काढायला उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाळ्या ठोकळा घेऊन उठला. "मास्तर, काकाने काल नवा गोठा घातला. तो लावू?"

"खबरदार!" मास्तर ओरडला. "गधड्यांनो, जागचं कुणी हलायचं नाही!"

तेव्हा त्याला एक आवाज ऐकू आला. खालून, ठोकळ्यांतून. कुणी म्हातारं माणूस बोलण्याआधी खाकरतं तसा. मास्तरने वाकून बघितलं. वीतभर घरं, बोटभर दारं. उंदीर असेल, म्हणाला.

तिसऱ्या दिवशी मुलं येऊन बसली ती हललीच नाहीत. कुणी कुणाला चिमटा काढला नाही, कुणी पाणी प्यायला उठलं नाही. मास्तर खूश झाला. एकटी द्वारकी विचारत होती. "बाबा, आपली नदी कापडाची, मग खरी नदी रात्री कोण गुंडाळतं? बाबा, वाड्यात इतक्या खोल्या, राजा हरवत नाही? बाबा, हे आतून कोण…"

"पुरे झाले प्रश्न! कुणीही काही विचारायचं नाही!"

पुन्हा तोच आवाज. खाकरल्यासारखा. आणि नंतर एक शब्द पुटपुटल्यासारखा, पण इतका हलका की मास्तरला वाटलं वारा आहे. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

चौथ्या दिवशी कुणी काही विचारलं नाही. द्वारकीनेही नाही.

त्या दिवशी मास्तरने राजापुढे द्यायची उत्तरं घोकून घ्यायला सुरुवात केली. होय, घोकून! जी खोड मोडायला ठोकळे आणले तीच खोड परत आली. राजापुढे चूक कशी चालेल? एकाने वेगळं सांगितलं, तेव्हा मास्तर तडकला. "एकच तोंड असल्यासारखं बोलायचं, समजलं?"

पाचव्या दिवशी मास्तरने विचारलं, "वाडा कुणी बांधला?" एकवीस तोंडं उघडली आणि एकच आवाज आला. एकवीस पोरांचा मिळून नव्हे. एकच. जाड, कोरडा, म्हातारा. "महाराजांनी." एकवीस तोंडं एकदम मिटली.

मास्तरच्या अंगावर काटा आला. पण राजाला आवडेल, असं त्याच्या मनात आलं, आणि काटा बसला. मान मिळायची वेळ आली की माणूस काय काय गिळतो!

गावही खूश होतं. बाया म्हणत होत्या, "मास्तराने जादू केली गं बाई! पोरगं घरात आहे की नाही तेही कळत नाही."

सहाव्या दिवशी दुपारी मास्तरच्या हातून खडू पडला. घरंगळत मुलांच्या पायाशी गेला. कुणी उचलला नाही. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. बाळ्याच्या उघड्या डोळ्यावर माशी येऊन बसली, तरी पापणी लवली नाही.

मास्तर म्हणाला, "काय ठोकळे आहात रे! नुसते ठोकळे!"

उन्हं डोक्यावर होती. आणि या वेळी शब्द स्पष्ट ऐकू आला. महादरवाजातून आला, की त्या मुक्या मुलांच्या मधून आला, ते सांगता येणार नाही.

"तथास्तु."

सातव्या दिवशी सकाळी मास्तरची बायको सगुणा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. ओंजळ पुढे केली. ओंजळीत लाकडाचा भुसा.

"हे काय?" मास्तर म्हणाला.

"तुमच्या लेकीच्या अंथरुणात होतं. रात्री तिच्या बोटाला विळी लागली. रक्त नाही आलं. हे आलं." सगुणाचा आवाज चिरला. "प्रश्नांनी डोकं खाते म्हणायचात ना? घ्या आता. राहू द्या डोकं शाबूत."

मास्तर धावत आत गेला. द्वारकी भिंतीशी बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, कोपरं काटकोनात. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. केस केसच होते. पण खाली बोट लागलं तेव्हा टक् असा आवाज झाला.

तो तसाच अनवाणी कोंडीबाकडे गेला. कोंडीबा रंधा मारत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. रंधा थांबवला नाही.

"मोडा," तो म्हणाला.

"उद्या महाराज येताहेत रे! एक दिवस. फक्त एक दिवस कळ काढायची."

"मग मला विचारायला कशाला आलात? मोडा म्हटलं."

मास्तर हुशार माणूस. हुशार माणसाला सरळ रस्ता दिसला की तो आडवाट शोधतो. तो म्हणाला, "हे बघ कोंडीबा. तो वाईटाला तथास्तु म्हणतो, तसा बऱ्यालाही म्हणणारच. मी उद्या पहाटेपासून तिथे बसतो आणि बरंच बोलतो. पोरं हसोत, पोरं खेळोत. केव्हातरी तो म्हणेलच. पोरंही सुटतील आणि गावही उभं राहील."

कोंडीबाने आता रंधा खाली ठेवला. "खरं आहे. एकही वाईट शब्द न काढता दिवस गेला, तर होईलही. दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, कर."

"मग?"

"तुम्ही मास्तर आहात."

आठव्या दिवशी पहाटे मास्तर शाळेत जाऊन बसला. मुलं आली. एकवीस जोड्या पायांचं एकच पाऊल वाजत होतं. ती बसली. मास्तरने हात जोडले आणि ठोकळ्यांच्या गावापुढे बोलू लागला. "माझी पोरं हसोत. माझी पोरं बोलोत. माझी पोरं हुंदडोत." तासभर बोलला. दोन तास बोलला. घशाला कोरड पडली. गावातून हूं नाही की चूं नाही. कुणीतरी आत बसून वाट बघत आहे, एवढंच जाणवत होतं. आत बसलेल्याला मास्तरचा स्वभाव ठाऊक होता.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा तुतारी झाली. राजा आला.

राजा काही दुष्ट नव्हता. पण राजा होता. त्याला आपल्या नावाची गोष्ट आवडायची. तो ठोकळ्यांच्या गावाभोवती फिरला. वाड्यापाशी थांबला. मिशीला पीळ दिला. "हा वाडा कुणी बांधला, मुलांनो?"

एकवीस तोंडं उघडली. "महाराजांनी." तोच जाड, कोरडा आवाज. पालखीचे भोई दोन पावलं मागे सरले. राजालाही जरा चमकल्यासारखं झालं, पण उत्तर गोड होतं.

"आणि राज्य कसं आहे?"

"सुखी आहे."

"वाहवा, मास्तर!" राजा म्हणाला. मग तो द्वारकीपुढे वाकला. पुढच्या ओळीत तीच बसली होती. "मुली, तुला या गावात सगळ्यात काय आवडतं?"

हे घोकून घेतलेलं नव्हतं. द्वारकी गप्प.

राजा पुन्हा म्हणाला, "सांग ना. काय आवडतं?"

द्वारकीचे डोळे समोर लागलेले. ओठ शिवल्यासारखे. राजाच्या कपाळावर आठी पडली. मागे कारभाऱ्याने कारभाऱ्याकडे पाहिलं. मास्तरला घाम फुटला. आठ दिवसांचे कष्ट, सगळ्या राज्याचा मान, आणि ही पोरगी एक शब्द बोलेना! सकाळपासून दाबून ठेवलेली जीभ सुटली.

"बोल की गं मेले!"

शब्द गेला. रोज शंभर आया लेकीला म्हणतात तो शब्द. पाण्याला चल मेले, जेव की मेले. त्यात राग कमी आणि माया जास्त. पण ऐकणारा त्यातली माया धरणार नव्हता. तो फक्त शब्द धरत होता.

ठोकळ्यांच्या गावात कुणीतरी खाकरलं.

सकाळपासून तथास्तु झालेलं नव्हतं. आजचं अजून शिल्लक होतं.

मास्तरने मागचापुढचा विचार केला नाही. गुडघ्यावर आदळला आणि हाताला लागेल ते घर उपटू लागला. ठोकळे सुटेनात. आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखे. नखं तुटली. त्याने दातओठ खाऊन पहिलं घर काढलं, आणि पहिल्या ओळीतलं पोरगं शिंकलं. दुसरं घर निघालं, बाळ्याने डोळा चोळला आणि त्यावर बसलेली माशी उडाली. तिसरं. चौथं. कुणी खोकलं, कुणी रडायला लागलं, कुणी ओलं केलं. मास्तर वेड्यासारखा मोडत होता.

"अरे, हा काय प्रकार?" राजा ओरडला. "आवरा याला!"

कुणी पुढे झालं नाही. भोयांनी, कारभाऱ्यांनी सगळ्यांनी ते ऐकलं होतं. एक लांब श्वास. कुणीतरी बोलण्याआधी घेतो तसा.

वीस घरं गेली. वीस पोरं जागी झाली. उरला वाडा, आणि उरली द्वारकी. तिच्या गालावर आता रेषा दिसू लागल्या होत्या. लाकडाला असतात तशा. मास्तरने वाड्याच्या कळसाला हात घातला.

राजाने तलवारीची मूठ धरली. "मास्तर! राजासमोर राजाचा वाडा मोडणं हा द्रोह आहे. त्याहून मोठा अपशकुन आहे. त्याला बोट लावलंस तर या राज्यात तुझी शाळा नाही, आणि तुला थाराही नाही. हात काढ. मुख्य मास्तर होशील."

मास्तरने एकदा राजाकडे पाहिलं. एकदा लेकीकडे पाहिलं.

"महाराज, तुमचा वाडा दगडाचा आहे, तो उभाच आहे," तो म्हणाला. "माझी पोर लाकडाची झाली."

आणि त्याने दोन्ही हातांनी वाडा मधोमध फोडला.

"त…" असा आवाज आला. आत कुणी सुरुवात केली होती. मास्तरने सज्जे उडवले. "था…" त्याने महादरवाजा उखडला, भिंती फोडल्या, तळाचा शेवटचा ठोकळा रक्ताळलेल्या बोटांनी उपटला आणि भिंतीवर भिरकावला.

पुढचं अक्षर आलं नाही. जमिनीवर नुसते ठोकळे पडले होते. लाल, पिवळे, हिरवे.

मग एक लहानसा, चिरका, खराखुरा आवाज आला.

"बाबा, का मोडलंत?"

मास्तर जमिनीवरच बसला. त्या 'का'साठी त्याने किती वेळा तिला फटकारलं होतं! आता तो ऐकून त्याला रडू आवरेना. आणि द्वारकी काही एका प्रश्नावर थांबणारी नव्हती. आठ दिवसांचे साचले होते. "बाबा, तुमच्या बोटांना काय झालं? बाबा, हे कोण आलंय? राजा? खरा?" ती उठून राजापुढे जाऊन उभी राहिली आणि मान वर केली. "महाराज, तुमचा मोठा वाडा संध्याकाळी कोण मोडतं?"

राजाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आपण आपल्या वाड्यात रोज काय काय बोलतो, कुणाला बोलतो, ते त्याला एकदम आठवलं असावं. तो मागे न बघता पालखीत बसला. "उचला," एवढंच म्हणाला.

त्याने मात्र शब्द पाळला. राजे तेवढा शब्द पाळतात. दुसऱ्या दिवशी हुकूम आला, शाळा बंद. मास्तरने चंबूगबाळं आवरलं आणि सगुणाला आणि लेकीला घेऊन राज्याबाहेरच्या एका गावी निघाला. ठोकळ्यांच्या टोपल्या गाडीत घातल्या.

निघण्याआधी सगुणाच्या लक्षात आलं. द्वारकीच्या डाव्या हाताची करंगळी वळत नव्हती. बाकी पोर हसत होती, पळत होती, रडत होती. पण करंगळी ताठ. दोन अक्षरं बोलून झाली होती ना. तेवढं वास्तुपुरुष घेऊन गेला.

ते तिघे कोंडीबाकडे गेले. मास्तरने लेकीचा हात पुढे केला. कोंडीबाने करंगळी उजेडात धरली. नखाने टकटक केलं. उलटसुलट करून पाहिली. नंतर तिच्यावर तेलाचं बोट फिरवलं.

"दुखतं का गं?"

"नाही. तुम्ही तेल का लावलंत?"

"उन्हाने चिरा पडतात म्हणून," कोंडीबा म्हणाला. मग त्याने मास्तरकडे बघितलं. "अस्सल साग आहे, मास्तर. तुम्ही मी मेलो तरी हे राहील. पोरीच्या हाताला लागलेलं तुमचं बोलणं आहे ते. रोज तेल लावत जा."

मास्तरने त्या दिवसापासून मरेपर्यंत रोज सकाळी लेकीच्या त्या करंगळीला तेल लावलं. लावताना तो काही बोलत नसे.

तात्पर्य: पोरांना शिकवायला मांडलेलं मिरवायला ठेवू नये, ते त्यांना मोडू द्यावं, आणि पोरांना जे रोज म्हणाल तेच ती होतात, तेव्हा आधी आपलं तोंड सांभाळावं.